आबांच्या घोरण्याची वही
(एक कॅडेट, इयत्ता बारावी)

आमच्या डॉर्मिटरीत चोवीस खाटा आहेत आणि घोरणारे पाच. लाइट्स आउट झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पहिला आवाज सुरू होतो. आम्ही सगळ्यांना नावं ठेवली आहेत. भिंतीकडच्या खाटेवरचा 'शक्तिमान', म्हणजे लष्करातला तो जुना ट्रक चढावर गिअर बदलताना कण्हतो ना, तसा. त्याच्यासमोरचा 'बोफोर्स'. तिसरा अगदी बारीक शिट्टी वाजवतो, त्याला 'प्रेशर कुकर'. बंगालचा माझा मित्र घोरण्याला 'नाक डाका' म्हणतो, म्हणजे नाकाने हाका मारणं. तमिळ मुलं 'कुरट्टै' म्हणतात. हिंदीतले खर्राटे सगळ्यांना माहीत आहेत. आवाज फार वाढला की कुठून तरी एक चप्पल उडत येते, खाट करकरते, घोरणारा कूस बदलतो आणि दहा मिनिटं शांतता होते. सकाळी त्याला विचारलं तर तो शपथेवर सांगतो, "मी? मी घोरतच नाही."

तो खोटं बोलत नसतो. ज्याला हा त्रास असतो त्याला तो कधीच दिसत नाही, ऐकू येत नाही आणि आठवतही नाही. ताप आला की अंगाला कळतं, दात दुखला की रात्रभर जागवतो. घोरणं मात्र शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कळतं. त्या शेजारच्याने काय ऐकलं आणि ऐकून पुढे काय केलं, यावर कधीकधी पुष्कळ काही अवलंबून असतं. आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात ते अवलंबून होतं, म्हणून हा लेख.

माझे वडील, आबा, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये एमटी ड्रायव्हर होते. चोवीस वर्षं सेवा करून हवालदार म्हणून निवृत्त झाले. श्रीनगर-लेह रस्त्यावरचे कॉन्व्हॉय, झोजिला, बर्फात चाकांना बांधलेल्या साखळ्या, हे सगळं मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की तो रस्ता मी स्वतः केल्यासारखा वाटतो. "चोवीस वर्षांत गाडीला एक ओरखडा न्हाई," हे त्यांचं वाक्य आमच्या भावकीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. निवृत्तीनंतर ते एका डेअरीच्या दुधाच्या टँकरवर लागले. आमचं गाव लोणंदजवळ. संध्याकाळी टँकर भरायचा, शिरवळ, पुणे, एक्सप्रेस वे करत मध्यरात्रीनंतर मुंबईत रिकामा करायचा आणि पहाटे परत फिरायचं. एक दिवसाआड ही फेरी.

मे महिन्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. सुट्टीतल्या पहिल्याच आठवड्यात एका रात्री मला जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. आबांचं घोरणं म्हणजे आमच्या घरातलं घड्याळ. ते चालू असलं की घर झोपलंय असं समजायचं. ते मध्येच तुटलं. मी अंधारात पडल्या पडल्या मोजायला लागलो. एक हजार एक, एक हजार दोन. पंधरा झाले, वीस झाले. चांदण्यात त्यांचं पोट आणि छाती हलताना दिसत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. सत्तावीसला त्यांनी अशी काही उसळी घेतली की विहिरीत तळ गाठून आलेला पोरगा पाण्यावर डोकं काढतो तसा हबका मारून श्वास घेतला, तोंडाने दोन-तीनदा हवा ओढली आणि पुन्हा घोरायला लागले. डोळे मिटलेलेच होते. मिनिटभराने पुन्हा तेच.

सकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिने मानही वर केली नाही. "त्यात नवं काय? मी कोपरानं ढोसलते, की कुशीवर होत्यात." किती वर्षांपासून, असं विचारलं तर तिने हिशेब केला, "तू तिसरीत व्हतास तवापासनं." म्हणजे नऊ वर्षं माझी आई रात्रीतून कितीतरी वेळा उठून कोपराने ढोसते आहे आणि याला ती संसाराचाच एक भाग समजते. आजीचं मत वेगळं नव्हतं. "दिसभर गाडी वडतोय, घोरंल न्हाई तर काय करंल? घोरणाऱ्याला झोप चांगली लागती."

हा आजीचा समज आमच्या डॉर्मिटरीतही आहे आणि बहुधा सगळ्या भारतात आहे. जो मोठ्याने घोरतो तो गाढ झोपतो. कुंभकर्णाची गोष्ट लहानपणीच ऐकलेली असते, तिथेच हे डोक्यात बसतं. आबांकडे पाहिलं तर उलट दिसत होतं. आठ तास झोपून उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं ठाक. रात्रीत तीनदा लघवीला उठणं. पेपर वाचता वाचता दुसऱ्या पानावर हनुवटी छातीला. रक्तदाबाच्या गोळ्या दोनदा बदलल्या तरी वरचा आकडा दीडशेखाली यायला तयार नाही. पूर्वी कधी आवाज न चढवणारा माणूस चहा गार झाला म्हणून चिडायचा.

आणि मग टँकरवरच्या क्लीनरने सांगितलं. तो विशीतला पोरगा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. एसटी स्टँडजवळ चहा पिताना आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "भाऊ, आबांना सांगू नगो. पहाटं परत येताना त्यांच्या डोळ्यावर झापड येती. परवा उर्से टोलनाक्याच्या अलीकडं डावी चाकं पट्टीवर चढली. मी वरडलो." त्यानंतर तो परतीच्या फेरीत झोपत नव्हता. सतत काहीतरी बोलत राहायचा, गाणी लावायचा, आबांना तोंडावर पाणी मारायला लावायचा. एका माणसाची झोप नीट होत नाही म्हणून घरात आई जागी आणि रस्त्यावर हा पोरगा जागा.

आबांना थेट बोलून उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. मी एकदा विषय काढला तेव्हा ते हसले. "अरं, लेहला दोन वर्षं काढलीत. तिथं रात्री सगळ्यांचाच श्वास अडकतो. तवापासनची सवय हाये ही." दुसरी गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही, पण ती मोठी होती. आजार निघाला तर स्टिअरिंग जाईल. फौजेत असताना मेडिकल कॅटेगरी खाली गेलेले मित्र त्यांनी पाहिलेले. ती धास्ती पेन्शन सुरू झाली म्हणून जात नाही.

म्हणून मी वही केली. तीन रात्री, प्रत्येक रात्री दोन तास, संत्री ड्यूटी समजून. स्तंभ आखले: वेळ, उताणे की कुशीवर, शांतता किती सेकंद. 1.10, उताणे, 22. 1.12, उताणे, 27. 1.15, कुशीवर, घोरणं चालू, खंड नाही. 2.05, उताणे, 31. तिसऱ्या रात्रीनंतर ती वही त्यांच्यापुढे ठेवली. फौजेतल्या प्रत्येक गाडीला कार डायरी असते. किती किलोमीटर झाले, तेल किती भरलं, काय बिघाड दिसला, सगळं तिच्यात लिहायचं. आबांनी चोवीस वर्षं ती लिहिली आहे. त्यांनी चष्मा लावून माझी वही पहिल्या पानापासून वाचली. मी एवढंच विचारलं, "आबा, चढावर इंजिनाचा आवाज मध्येच बंद पडून पुन्हा येत असंल, तर तुम्ही गाडी पुढं नेता का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "ईसीएचएसचं कार्ड कुठं ठेवलंय?"

पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांनी एक कागद दिला. एपवर्थ स्केल. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी 1991 मध्ये तयार केलेली आठ प्रश्नांची यादी. टीव्ही बघताना, बसून वाचताना, दुपारी जेवणानंतर, सिग्नलला गाडी थांबल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाच्या वर गेलं तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. आबांनी स्वतःला चार गुण दिले. डॉक्टरांनी तसाच दुसरा कागद काढून आईला प्रश्न वाचून दाखवले. आईचे गुण सतरा. आबा म्हणाले, "ही जास्त सांगतीय." डॉक्टर हसून म्हणाले, "हवालदारसाहेब, या आजारात पेशंटपेक्षा पेशंटच्या बायकोवर विश्वास ठेवायचा असतो." मग त्यांनी टेपने मान मोजली. 43 सेंटिमीटर. चाळीसच्या वर मान असली की ते सावध होतात, असं त्यांनी सांगितलं. जबड्याखाली आणि जिभेच्या मुळाशी चरबी साठली की श्वासाची वाट आतून अरुंद होते. घशात टॉर्च मारून म्हणाले, "पडजीभ दिसतच नाही."

तिथून पुण्याच्या एका रुग्णालयात स्लीप स्टडीसाठी पाठवलं. त्या रात्रीचं दृश्य मी विसरणार नाही. डोक्याला, कानामागे, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला वायरी चिकटवलेल्या, छातीवर एक पट्टा, पोटावर एक, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकाखाली नळी. वायरी कपाळावरून दोन्ही बाजूंनी लोंबत होत्या. आई म्हणाली, "मुंडावळ्या बांधल्यागत दिसत्यात." आबाही हसले. मला वाटलं, एवढं सगळं अंगावर घेऊन कोणाला झोप लागेल? दहाव्या मिनिटाला बाहेर बाकावर घोरणं ऐकू आलं.

रिपोर्ट समजावताना डॉक्टरांनी स्क्रीनवर रेघा दाखवल्या, तेव्हा मला हा आजार खऱ्या अर्थाने कळला. वरची रेघ नाकातल्या हवेची. ती मध्येच सपाट होते. खालच्या दोन रेघा छातीच्या आणि पोटाच्या. त्या सपाट होत नाहीत, उलट जास्त जोराने वरखाली होतात. म्हणजे माणूस श्वास घ्यायची धडपड करतोय, पण दार बंद आहे. त्यांच्या खाली ऑक्सिजनची रेघ हळूहळू घसरते, मग डोक्यावरच्या वायरीची रेघ एकदम दाट होते. तिथे मेंदू दोन-चार सेकंद जागा झाला, घशाचे स्नायू ताणले गेले, दार उघडलं, हवा आत आली. त्या जाग्या होण्याची आठवण राहत नाही. हवा दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबली तर तो एक खंड धरतात. हवा पूर्ण न थांबता फार कमी झाली आणि ऑक्सिजन उतरला तर तोही मोजतात. तासाला पाचपर्यंत खंड चालून जातात. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. आबांचा आकडा सेहेचाळीस आला. सगळ्यात लांब खंड 52 सेकंदांचा. ऑक्सिजन 71 टक्क्यांपर्यंत खाली. आबांनी लेहमध्ये बोटाला लावायचा चिमटा पाहिलेला, त्यामुळे 71 हा आकडा त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

लेहची शंका त्यांनी तिथे विचारलीच. डॉक्टरांचं उत्तर आमच्या शाळेतल्या सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे, कारण आपल्यातले बरेच जण पुढे त्या उंचीवर जाणार आहेत. उंचीवर हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून शरीर भराभर श्वास घेतं. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर फेकला जातो. तो वायू कमी झाला की झोपेत मेंदू श्वासाचा हुकूमच थोडा वेळ थांबवतो. तो पुन्हा साठला की हुकूम येतो. ही लय रात्रभर चालते आणि तिथे नव्याने गेलेल्या निरोगी जवानालाही होते. त्या वेळी स्क्रीन लावली तर नाकाची रेघ सपाट आणि छातीचीही सपाट. हुकूमच नाही, तर धडपड कशाची? आबांच्या बाबतीत हुकूम येत होता, वाट बंद होती. खाली उतरल्यावर उंचीवरचा प्रकार जातो. आबांचा लोणंदला येऊन चांगला वाढला होता.

वाट बंद का होते? नाकापासून टाळूपर्यंत हाडं आहेत, स्वरयंत्रापासून खाली कूर्चेच्या कड्या आहेत. मधला घसा मात्र नुसता मांसाचा. बोलायला, गिळायला तो लवचिकच हवा. जागेपणी तिथले स्नायू तो ताणून उघडा ठेवतात, झोपेत ते सैल पडतात. उसाच्या रसाच्या गाड्यावर हल्ली कागदी नळी देतात. ती ओली होऊन मऊ पडली आणि आपण जोरात ओढलं की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि रस यायचा थांबतो. घशाचं अगदी तसंच होतं. वाट थोडी अरुंद झाली की हवा वेगाने जाते आणि टाळूचा मऊ पडदा, पडजीभ थरथरतात. ते घोरणं. वाट मिटली की शांतता. म्हणून नुसतं एका लयीत घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. आमचा 'शक्तिमान' रात्रभर एका सुरात चालतो, त्याची मला काळजी वाटत नाही.

वजन हे मोठं कारण, पण एकटं नाही. मागे गेलेली लहान हनुवटी, मोठे टॉन्सिल, बंद नाक, वाढतं वय, सिगारेट, झोपेच्या गोळ्या. काही घरांत जबड्याची ठेवणच तशी असते. आशियाई लोकांत फार लठ्ठ नसलेल्यांनाही हा आजार होताना दिसतो. बायकांत पाळी थांबल्यानंतर त्याचं प्रमाण वाढतं, आणि आपल्याकडे बायकांच्या घोरण्याबद्दल बोलायचंच नाही असा रिवाज असल्याने तो सापडतही नाही. उताणं झोपलं की जीभ मागे पडते. आणि दारू. रात्री घेतलेले दोन पेग घशाचे स्नायू आणखी सैल करतात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आबांनी छताकडे पाहिलं. कॅन्टीनची रम आमच्या घरात पाहुण्यांसाठी असते, असं अधिकृतपणे सांगितलं जातं.

"उपचार बसेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही," हे डॉक्टरांचं शेवटचं वाक्य होतं. परत येताना एसटीत आबा खिडकीबाहेर बघत बसले होते. घरी आल्यावर त्यांनी हात-पाय धुतले, चहा घेतला आणि सायकल काढून डेअरीच्या मालकाकडे गेले. काहीतरी कारण सांगून रजा काढता आली असती. त्यांनी रिपोर्टच नेऊन दाखवला. मालक भला माणूस, त्याने त्यांना वजनकाट्यावर बसवलं. पगार जवळपास निम्मा झाला. ताईची नर्सिंगची फी त्याच महिन्यात भरायची होती आणि ती आईच्या पाटल्यांवर भरली गेली. हे मला नंतर ताईकडून कळलं.

दोन महिन्यांनी मशीन घरी आलं. सीपॅप. त्यात काही जादू नाही. एक छोटा पंखा खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नळीतून नाकात सोडतो आणि तो दाब घशाच्या भिंती बाजूला धरून ठेवतो, फुगवलेला फुगा चिकटत नाही तसा. त्यात ऑक्सिजनचा सिलिंडर नसतो. हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी बनवलं. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेऊन, तिची हवा नाकाकडे वळवून त्यांनी ते पेशंटवर वापरून पाहिलं आणि 1981 मध्ये पाच पेशंटचा अनुभव छापला. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास घेणं. आबांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग ह्ये बरंय."

बरं वाटायला मात्र वेळ लागला. आजीने मास्क आणि लांब नळी पाहून हात जोडले, "गनपतीची सोंडच की." शेजारच्यांनी कोरोनाच्या आठवणीने गावात बातमी पसरवली की हवालदारांना घरीच व्हेंटिलेटर लावलाय. दोन नातेवाईक सफरचंदं घेऊन भेटायला आले. आबांना स्वतःला तो ट्रेनिंगमधल्या गॅस मास्कसारखा वाटायचा, रात्री झोपेतच काढून टाकायचे. सगळ्यात अवघड प्रश्न निघाला मिशीचा. मास्कची कड मिशीवर बसायची आणि तिथून हवा फुसफुसत डोळ्यांत जायची. तंत्रज्ञ म्हणाला, मिशी काढा. आबा म्हणाले, मशीन परत न्या. शेवटी नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क मिळाला, तो मिशीच्या वरच राहतो. मला वाटतं, मशीन टाकून देणाऱ्या बऱ्याच लोकांचं कारण असंच काहीतरी असणार, आणि कोणी विचारलं तर सुटणारं. नाक कोरडं पडायला लागलं तेव्हा पाण्याचं भांडं जोडून हवा दमट केली.

पहिल्या आठ दिवसांनंतर आबा रात्री लघवीला उठायचे थांबले. महिन्याभरात रक्तदाब उतरला, पुढे एक गोळी कमी झाली. मशीनमधल्या कार्डावर रोजचे तास आणि उरलेले खंड नोंदले जातात. सेहेचाळीसचे तीन झाले होते. ते कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी बघून मालकाने त्यांना दिवसाच्या फेरीवर परत घेतलं. रात्रीची फेरी ते आता मागतही नाहीत. आईची गंमत वेगळीच. इतक्या वर्षांचा आवाज गेल्यामुळे तिलाच झोप येईना. रात्री उठून ती त्यांच्या नाकापुढे हात धरून बघायची.

बाकीचे उपायही आम्ही पाहिले. आईने एका जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला, म्हणजे उताणं होता येत नाही. ज्यांचा त्रास फक्त उताणं झोपल्यावर होतो त्यांना याचा उपयोग होतो. आबांच्या आकड्यापुढे तो चेंडू कमी पडला आणि भावाच्या पोरांनी क्रिकेटसाठी नेला. सौम्य आणि मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारी, दातांवर बसवायची पट्टी मिळते, ती दंतवैद्याकडूनच मापाने करून घ्यावी लागते. बाजारातले नाकाचे चिमटे आणि चुंबकाच्या अंगठ्या यांवर चुलत्यांनी पैसे घातलेत, ते अजून घोरतात. वजन उतरलं तर फरक पडतो. आबांचं 91 वरून 87 झालंय, पुढे सरकत नाही. वजन कमी करणाऱ्या टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र आजार असलेल्यांसाठी मान्यता मिळाली, पण ते आमच्या खिशाच्या पलीकडचं. मी शाळेच्या बँडमध्ये बिगूल वाजवतो, त्यामुळे एक बातमी मला विशेष आवडली. जयपूरच्या डॉक्टरांनी 2025 मध्ये तीस पेशंटचा छोटा अभ्यास छापला. सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप आणि रात्रीचे खंड कमी झाले होते. घशाच्या स्नायूंना कवायत होते म्हणे. आबांना सांगितलं, तर ते देवघरातला शंख घेऊन बसले. आता पहाटे पाचला सगळ्या आळीला जाग येते. मशीन मात्र मी सोडू दिलं नाही. तीस लोकांच्या अभ्यासावर टँकर चालवता येत नाही.

सुट्टी संपवून शाळेत परतलो तेव्हा मोजायची सवय लागली होती. ज्युनियर डॉर्मिटरीत माझी प्रीफेक्ट म्हणून ड्यूटी असते. सहावीतला एक मुलगा, अंगाने काडी, वजनाचा प्रश्नच नाही. दिवसासुद्धा तोंड उघडं, रात्री घोरणं, मध्ये शांतता, मान मागे टाकून झोपणं. आठवड्यातून दोनदा त्याचं अंथरूण ओलं व्हायचं आणि त्यावरून पोरं त्याला छळायची. वर्गात डुलक्या काढतो म्हणून त्याला एक्स्ट्रा ड्रिल लागायची. मी दोन रात्री नोंद करून मॅट्रनना दिली, त्यांनी एमआय रूमला पाठवलं. मुलांमध्ये मुख्य कारण टॉन्सिल आणि नाकामागचे अॅडेनॉइड वाढलेले असणं. त्याचेही होते. ऑपरेशन झालं, तीन आठवडे घरी राहून तो परत आला. अंथरूण ओलं होणंही याच आजाराने होऊ शकतं, हे कळल्यावर त्याच्या खाटेशेजारच्या पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. हल्ली तो सकाळच्या पीटीला पहिल्या रांगेत असतो आणि भयंकर बडबड करतो.

ज्यांना नोंद करायची असेल त्यांच्यासाठी सांगतो. घड्याळ लावून मोजा, अंदाजाने लिहू नका. आवाज थांबला तर छाती हलतेय का ते बघा. उताणा की कुशीवर, ते लिहा. परवानगी घेऊन मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करता आलं तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. आणि चप्पल फेकू नका, कारण त्याने मोजणी बिघडते.

येत्या आषाढात आबांना माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते पंढरपूर चालायचंय. नोकरीत असताना कधी जमलं नाही. पाय तयार आहेत, दिंडीत नावही दिलंय. अडचण मशीनची. राहुटीत वीज कुठली? जनरेटर रात्री दहाला बंद होतो. सीपॅप चालवणारी बॅटरी मिळते, पण ती महाग आहे आणि रोज मुक्कामावर चार्ज करावी लागेल. आबांचं म्हणणं, आठ-दहा रात्रींनी काय होतं, चेंडूचं बनियन घालतो. आईचं म्हणणं, मग मी पण येते, कोपर घेऊन. दिंडीच्या चोपदारांनी तिसराच तोडगा काढलाय, घोरणाऱ्यांची वेगळी राहुटी. तिच्यात आत्तापर्यंत सतरा नावं झाली आहेत. बॅटरीची चौकशी मी इथून करतो आहे. पुण्यात भाड्याने मिळते असं एका मित्राचे वडील म्हणाले, त्यांच्या फोनची वाट बघतोय.